एक टीव्ही, एक जुना लॅपटॉप आणि गच्चीवरची रेंज: यात अंतराळ आणि इंजिनिअरिंग शिकवायचं कसं?

झाडीपट्टीतली_मॅडम (सिंदेवाहीकडची)

नमस्कार मंडळी. मी सिंदेवाही तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान-गणित शिकवते. तिन्ही वर्ग मिळून चाळीसेक मुलं. शाळेत एक स्मार्ट टीव्ही आहे, एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा मोबाईल. रेंज गच्चीवर मिळते, वर्गात नाही. लाईन दुपारी हटकून जाते.

23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन. त्या निमित्ताने काहीतरी व्हर्च्युअल घ्यायचं आहे, पण एका दिवसाचा देखावा नको, पुढेही चालवता येईल असं हवं. गेल्या वर्षी चांद्रयान-3 चे व्हिडिओ लावले होते. विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा टाळ्या पडल्या आणि व्हिडिओ संपल्याबरोबर मागून आवाज आला, "मॅडम, आता कार्टून लावा ना." बघण्यापलीकडे त्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, मग दुसरं काय होणार.

पोरांना अंतराळाचं अप्रूप नाही असं बिलकूल नाही. 2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ, आमच्याच तालुक्यात लाडबोरीला आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं होतं, आठवत असेल. जवळपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे तुकडे असावेत असं जाणकारांनी नंतर सांगितलं. तो जळता पट्टा माझ्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी अंगणातून पाहिलाय. परवा एकाने विचारलं, "मॅडम, एवढ्या वरून आलं तं जळून काऊन नाही गेलं?" मी म्हटलं, सांगते उद्या. तो उद्या अजून उजाडायचा आहे.

तर विचारायचं असं की नेट नसताना चालेल असं काय आहे? नुसते ग्रह-तारे नकोत, काहीतरी घडवणं, मोडणं, सुधारणं, म्हणजे इंजिनिअरिंग म्हणतात ते, कसं आणायचं? आणि एक छोटी पण रोजची अडचण: लॅपटॉप उघडला की माऊस मुलांच्या ताब्यात जातो आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. यावर कोणी काही केलंय का?

---

सीताबर्डी_77

मॅडम, नागपूरला रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, एकदा सहल काढाच. घरबसल्या हवं तर नासाचं 'आइज' बघा, ब्राउझरमध्ये उघडतं. कुठलं यान आत्ता नेमकं कुठे आहे ते दिसतं, पोरं खूश होतील.

---

झाडीपट्टीतली_मॅडम

धन्यवाद. सहल दिवाळीनंतर बघू, एसटीचा हिशेब जमला तर. 'आइज' गच्चीवर उघडून पाहिलं, सुंदर आहे. पण चाळीस पोरं गच्चीवर नेणं म्हणजे वेगळाच उपक्रम होईल.

---

आर्वीचा_मास्तर

मॅडम, सहल-बिहल ठीक आहे, पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. थोडं लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

मी आर्वीकडे हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि हे उद्योग बऱ्याच वर्षांपासून करून राहिलो आहे. माझं मत सरळ आहे. ज्यात पोट्ट्याला काही ठरवावं लागत नाही आणि त्याचं ठरवलेलं चुकू शकत नाही, तो व्हर्च्युअल उपक्रम नव्हे, ते सिनेमागृह. टीव्हीवर यान फिरताना दाखवलं काय किंवा पुस्तकातलं चित्र दाखवलं काय, फरक रंगांचा.

म्हणून माझ्या वर्गात एक नियम असतो: आधी अंदाज फळ्यावर, मग क्लिक. हात वर करून नाही, फळ्यावर. नावासकट.

नमुना सांगतो. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे प्रयोग आहेत, फुकट. पुष्कळ प्रयोग मराठीतही आहेत. मुख्य म्हणजे एकेका प्रयोगाची एकच फाईल गच्चीवरून उतरवून घ्यायची, ती पेन ड्राइव्हवर राहते आणि नेटशिवाय उघडते. त्यात गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचा एक प्रयोग आहे. सूर्य मधे, पृथ्वी फिरतेय आणि गुरुत्वाकर्षण चालू-बंद करायची सोय. मी फिरती पृथ्वी थांबवतो आणि विचारतो, आत्ता गुरुत्वाकर्षण बंद केलं तर पृथ्वी कुठे जाईल? तीन तऱ्हा हमखास निघतात. काही म्हणतात सूर्यात पडेल, काही म्हणतात सूर्यापासून थेट लांब फेकली जाईल, काही म्हणतात तिथंच थांबेल. पृथ्वी या तिन्हींपैकी काहीच करत नाही. ज्या दिशेला त्या क्षणी जात होती, त्या दिशेला सरळ नाकासमोर निघून जाते. वर्ग एकदम गप्प होतो आणि मग भांडण सुरू. त्या भांडणात एखाद्या ज्वारी राखणाऱ्या घरच्या पोराला आठवतं की गोफणीतला दगडही असाच सुटतो. ते मी कधी सांगत नाही, कोणाला ना कोणाला आठवतंच.

मग वेगाचा बाण ओढायला देतो. बाण लहान केला की पृथ्वी सूर्यात, मोठा केला की पळाली. उपग्रह खाली का पडत नाही, याचं उत्तर या बाणात आहे. अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर, सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं आणि दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं. ते पडतच असतं, फक्त पुढे जाण्याचा वेग असा की जमीन तितकीच खाली वाकत जाते. हे मी तोंडी सांगितलं असतं तर पोरांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि विसरली असती.

दुसरं, स्टेलॅरियम, म्हणजे कुठल्याही ठिकाणचं, कुठल्याही वेळचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. हेही फुकट, एकदा लॅपटॉपवर टाकलं की नेट लागत नाही. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या शेवटी आणि तिथून सप्टेंबरपर्यंत आभाळ झाकलेलं. तुमचा अंतराळ दिनही नेमका ऐन पावसाळ्यात. तेव्हा खरं आकाश बघा म्हणणाऱ्यांना बाजूला ठेवा, पावसाळ्यात हेच आकाश. तुमचं ठिकाण घाला: अक्षांश 20.3, रेखांश 79.7.

आता याचा माझा आवडता धडा. तुमच्या धानपट्ट्यातलं पोट्टं असो की आमच्या कपाशीतलं, 'मृग लागला' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पंचांगात त्या वर्षीचं वाहन काय, कोल्हा की म्हैस की बेडूक, हेही आजोबा सांगतात. मी विचारतो, मृग जूनमध्ये लागतो ना, मग जूनच्या रात्री मृगाचे तारे दाखवा बरं. कोणालाच दाखवता येत नाहीत. मग स्टेलॅरियममध्ये 8 जून, दुपारचे बारा लावायचे. निळं आभाळ, डोक्यावर सूर्य. आता 'ए' हे बटण दाबायचं, वातावरण गायब होतं. भरदुपारी तारे! आणि सूर्याच्या लगतच, थोडे दक्षिणेला, मृगाचे तारे. 'मृग लागला' म्हणजे सूर्य त्या भागात आला, म्हणून तर ते तारे रात्री दिसत नाहीत, दिवसा सूर्यासोबत वर असतात. मग तारीख पुढे सरकवत डिसेंबरला न्यायची, मृग मध्यरात्री डोक्यावर येतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा इतका घरचा पुरावा मला दुसरा सापडला नाही. एका पोरीने घरी जाऊन आजोबांना हे सांगितलं. आजोबा म्हणाले, मास्तरले म्हणा, पाऊस कधी येते ते सांगाव. तेवढं मात्र स्टेलॅरियममध्ये नाही.

जाता जाता, 21-22 जुलैच्या आसपास तुमच्याकडे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. ढग असतील तर तेही यातच दाखवा. मे महिन्यातही एकदा होतं, पण तेव्हा सुट्ट्या.

माऊसचं सांगतो. माझ्याकडे नियम आहे: माऊस ज्याच्या हातात, तोंड त्याचं बंद. गटाने सांगायचं, त्याने फक्त करायचं. काय करायचं ते ठरवणारी एक, फळ्यावर अंदाज लिहिणारा एक, निकाल नोंदवणारी एक, आणि दर डावाला अदलाबदल. माऊस धरणं ही हमाली आहे असं एकदा कळलं की त्यासाठी कोणी भांडत नाही.

आता इंजिनिअरिंग. यासाठी माझा सगळ्यात चांगला व्हर्च्युअल उपक्रम लाईन गेल्यावर चालतो. मैदानात चुन्याने चौकोन आखा, विटा, टायर, बादल्या मांडा. एका पोराचे डोळे बांधा, तो रोव्हर, म्हणजे चंद्रा-मंगळावर चालणारी गाडी. दुसरा गट भिंतीकडे तोंड करून बसेल, तो नियंत्रण कक्ष. त्यांच्याकडे फक्त कागदावर काढलेला नकाशा. मधे एक पळणारा, तोच रेडिओ संदेश. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे, रेडिओ लहरीला तिथे जायला सव्वा सेकंद आणि परत यायला सव्वा सेकंद. चंद्राचा डाव सोपा: चिठ्ठी जाते, रोव्हर एक पाऊल टाकतो, काय झालं ते पळणारा येऊन सांगतो. मंगळाला मात्र संदेश पोचायला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त बावीस मिनिटं लागतात. म्हणून मंगळाच्या डावात सगळ्या आज्ञा एकाच चिठ्ठीत आधी लिहायच्या: पुढे 3, उजवीकडे वळ, पुढे 2. मधे काही झालं तरी चिठ्ठी बदलायची नाही.

बघा मग काय होतं. तिसऱ्या आज्ञेला रोव्हर बादलीत. मग पोरं स्वतःहून म्हणतात, सर, 'पायाला काही लागलं तर थांब' असं लिहिलं तर चालेल का? चालेल काय, प्रोग्रामिंग सुरू झालं की बाप्पा! हीच आज्ञावली दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर स्क्रॅच या पोरांसाठीच्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायची, तेही ऑफलाईन मिळतं. आणि हे खोटं नाटक नाही. 27 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरसमोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला होता, इस्रोने त्याला मागे फिरवून दुसऱ्या वाटेने काढलं. सव्वीस किलोचा तो रोव्हर सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा. एवढा सावकाश का, हे मैदानात बादलीत पाय घातलेल्या पोराला विचारायचं.

उपकरणं नाहीत म्हणून कोणी कुरकुरलं तर ॲपलचा फोटो दाखवा. 1981 साली इस्रोने आपला ॲपल हा दळणवळण उपग्रह अँटेनाच्या चाचणीसाठी बैलबंडीवर ठेवला होता. गरिबी हे त्याचं कारण नव्हतं. धातूच्या गाडीचा चाचणीत अडथळा येतो, लाकडी बंडीचा येत नाही. आमच्या गावात बंडीवर बसून शाळेत आलेली पोरं आहेत, त्यांना हे फार आवडतं.

---

चिखली_ते_चिंचवड

मास्तरांचं पटलं, पण खेळांना कमी लेखू नका. मी मूळ चिखलीचा, सध्या चिंचवडला मशीन डिझाइनचं काम करतो. मोबाईलवर 'स्पेसफ्लाइट सिम्युलेटर' नावाचा खेळ आहे, साधी आवृत्ती फुकट, नेटशिवाय चालतो. टाक्या, इंजिन, पॅराशूट जोडून स्वतः रॉकेट बनवायचं आणि उडवायचं. मुलांना चंद्रावर उतरायचं काम द्या. बहुतेक जण पॅराशूट लावतील, कारण पृथ्वीवर परत येताना ते चाललेलं असतं. चंद्रावर हवाच नाही, पॅराशूट लोंबकळत राहणार आणि यान आपटणार. मग उतरायला इंजिन लागतं, इंजिनला इंधन, इंधनाचं वजन उचलायला खाली आणखी इंधन. रॉकेट एवढं मोठं आणि वर जाणारी वस्तू एवढी लहान का असते, ते असं कळतं.

फक्त एक सांगून ठेवा, त्या खेळातली पृथ्वी आणि बाकीचे गोल खऱ्यापेक्षा बरेच लहान केलेले आहेत. तिथले वेग-उंची वहीत उतरवून घेऊ नका. खरे आकडे मास्तरांनी दिलेत तेच.

त्याला जोडून हाताचं काम म्हणजे अंड्याचं लँडर. तुराट्या, पऱ्हाट्या, सुतळी, जुनं बारदान, एवढंच सामान, आणि प्रत्येक वस्तूला किंमत लावा. गटाला खोटे शंभर रुपये. गच्चीवरून सोडायचं, अंडं फुटता कामा नये. पहिल्या फेरीत अंडी फुटू द्या, उकडलेली वापरू नका. दुसऱ्या फेरीआधी प्रत्येक गटाने एकच बदल करायचा आणि का केला ते लिहायचं. दहा बदल एकदम केले तर कशाने वाचलं ते कळत नाही.

इस्रोनेही तेच केलं. 2019 च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-2 चा विक्रम आपटला. चांद्रयान-3 मध्ये पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, पाचऐवजी चार इंजिनं ठेवली आणि उतरायची जागा 500 मीटर बाय 500 मीटरवरून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली. तुमच्या पोरांना विचारा, यातला कुठला बदल त्यांच्या लँडरला लागू पडतो. उतरायची जागा मोठी करणं, हे सहसा कोणालाच सुचत नाही.

आता लाडबोरीच्या कड्याचं. रॉकेटचा वापरून झालेला टप्पा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, टप्पा फुटतो, पातळ ॲल्युमिनियम बरंचसं वितळून जातं. पण जी वस्तू आकाराने मोठी आणि त्या मानाने हलकी, ती उंचावरच्या विरळ हवेतच वेग गमावते, त्यामुळे तिला एकूण कमी आच लागते. कडं आणि पोकळ गोळे त्यातलेच. असे गोळे सहसा दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या असतात, टायटॅनियमच्या किंवा कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या. टायटॅनियम वितळायला 1,670 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. वर्गात दाखवायचं तर एकाच मापाचे दोन कागद घ्या, एक चुरगाळून घट्ट गोळा करा, एक तसाच ठेवा, एकदम सोडा. वजन तेच, वेग वेगळा. त्या पोराला त्याचं उत्तर एवढ्यावर मिळेल.

---

मेहकरची_सई

आमच्या बाजूचं लोणार विसरू नका! सिंदेवाहीहून यायला दूर पडेल, म्हणूनच ते व्हर्च्युअल बघण्यासारखं आहे. गूगल अर्थ नाहीतर इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ, गच्चीवर बसून वरून घेतलेली चित्रं जतन करा आणि टीव्हीवर दाखवा. पट्टीने मोजायला सांगा, काठापासून काठापर्यंत साधारण 1.8 किलोमीटर भरेल. शेजारी चंद्रावरच्या विवराचा फोटो ठेवा. लोणार बसाल्ट खडकात झालेलं आघाती विवर आहे, म्हणजे अंतराळातून आलेला दगड आदळून पडलेला खड्डा, चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचेच, म्हणून अभ्यासक इथे येतात. मग परातीत राख पसरून वर हळदीचा पातळ थर द्या आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या सोडा. हळदीच्या खालून राख उसळून बाहेर कशी पडते ते बघतानाच मुलांना विवराचा काठ उंच का असतो ते कळतं. हळद थोडीच वापरा, नाहीतर पोषण आहाराच्या ताई रागावतील. 😄

---

झाडीपट्टीतली_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा मंगळाचा डाव घेतला. सातवीतली एक मुलगी रोव्हर झाली, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. चिठ्ठी अगदी बिनचूक लिहिली होती, बादल्या चुकवून वाट काढलेली. आणि नेमकी चौथ्या आज्ञेला शाळेची कुत्री येऊन चौकोनात आडवी झाली. नियंत्रण कक्षाची पाठ, त्यांना पत्ताच नाही. बाकीची पोरं ओरडायला लागली तर तीच म्हणाली, "चूप राहा ना बे, मंगळावर आवाज येत नसते." मग पायाला कुत्री लागली, ही थांबली, आणि पुढे काय करायचं ते चिठ्ठीत नव्हतं. त्या 'थांबल्यावर काय' वर अर्धा तास चर्चा झाली. मागे वळ, डावीकडून जा, की कुत्री उठेपर्यंत थांब? आठवीचा एक जण म्हणाला, थांबायचं तर किती वेळ ते लिहा, नाहीतर रोव्हर तिथंच राहील जन्मभर.

कागदाचं करून दाखवलं, कड्यावाल्याचं समाधान झालं. आता त्याचं पुढचं: ते आपल्या घरावर पडलं असतं तर पैसे कोणी दिले असते?

एक अडचण. 'फेट'च्या फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या. लॅपटॉपवर उघडतात. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर फाईल दिसतच नाही, फक्त फोटो आणि व्हिडिओ दिसतात.

---

चिखली_ते_चिंचवड

ज्याचं रॉकेट त्या देशाने द्यायचे. 1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, जमिनीवर झालेल्या नुकसानीला प्रक्षेपण करणारा देश जबाबदार. भारत आणि चीन दोघेही त्यात आहेत. पोरगं वकील होणार बहुतेक.

टीव्हीचं असं की ती वेबपेजची फाईल आहे, पेन ड्राइव्हवरून टीव्ही ती सहसा दाखवत नाही. लॅपटॉपवरच उघडा आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. केबल घ्यायच्या आधी लॅपटॉपला एचडीएमआयची जागा आहे का बघा. जुन्याला कधी कधी नुसतं निळं व्हीजीए असतं, मग मधे कन्व्हर्टर लागेल. कन्व्हर्टरमधून आवाज येईलच असं नाही, पण या प्रयोगांना आवाज लागतही नाही. आणि लॅपटॉपची बॅटरी टिकत असली तरी टीव्ही लाईनवरच चालतो, म्हणून हे तास सकाळचे ठेवा.